होडीचे ठिगळ

मराठीत 'बोट' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक हाताचे बोट आणि दुसरी पाण्यातली बोट. या लेखात दोन्हींचे काम पडणार आहे. म्हणून पाण्यातल्या बोटीला मी होडी म्हणेन. उर्दूत आपण तिला कश्ती म्हणतो.

माझे मामू होड्या दुरुस्त करतात. हर्णै बंदराजवळ त्यांची लहानशी जागा आहे. चार खांब, वर पत्रे, खाली वाळू. पूर्वी तेथे लाकडाच्या होड्या येत. आता बहुतेक फायबरच्या येतात. कॉलेजला सुट्टी लागली की मी त्यांच्या हाताखाली काम करत असे.

फायबरची होडी कशाची असते, हे पुष्कळांना माहीत नसते. ती असते काचेची! काचेचे केसासारखे बारीक तंतू काढतात आणि त्यांची चटईसारखी जाड चादर करतात. तिला मॅट म्हणतात. ही मॅट रेझिनमध्ये भिजवून एकावर एक थर बसवतात. रेझिन म्हणजे एक प्रकारची कृत्रिम राळ. डब्यात असते तेव्हा ती मधासारखी वाहते. तिच्यात हार्डनर नावाचे औषध थोडेसे घातले की ती घट्ट होते आणि पुढे दगडासारखी कडक बनते. एक किलो रेझिनला पंधरा ग्रॅम हार्डनर पुरते. जास्तीत जास्त वीस ग्रॅम.

येथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. रेझिन वाळत नाही. ओला कपडा वाळतो तेव्हा त्यातले पाणी उडून जाते. रेझिनचे तसे नाही. हार्डनर पडले की तिच्यातले लहान लहान कण एकमेकांचे हात धरू लागतात आणि त्यांची एक जाळी तयार होते. हे होताना रेझिन स्वतःच गरम होते. हार्डनर घातलेली रेझिन डब्यात तशीच राहून गेली, तर डबा हातात धरवत नाही. कधी कधी धूरही निघतो. पण तीच रेझिन होडीवर पातळ पसरली की तिची ऊब हवेत निघून जाते. हवा गार असेल तर कण सुस्तावतात. ऊन दहा अंशांनी कमी झाले की कामाचा वेग साधारण निम्मा होतो. पंधरा अंशांच्या खाली गेले की रेझिनचा भरवसा राहत नाही. ठिगळ वरून सुकल्यासारखे दिसते आणि आतून कच्चे राहते.

हे सगळे मी मामूंकडून तोंडी शिकलो होतो. पण प्रत्यक्ष पाहिले ते तापोळ्याला.

तापोळा हे सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरच्या डोंगराखाली वसलेले गाव आहे. कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्या तेथे एकत्र येतात. १९६० च्या दशकात कोयनेवर धरण झाले आणि शिवसागर जलाशय तयार झाला. त्याची लांबी सुमारे पन्नास किलोमीटर आहे. खोऱ्यातली अनेक गावे उठली. जी उंचावर राहिली, त्यांच्या वाटा पाण्याखाली गेल्या. पैलतीरावरच्या वस्त्यांना बाजार, शाळा, दवाखाना या सगळ्यांसाठी होडीचाच आधार राहिला. पर्यटक तेथे मौजेखातर होडीत बसतात. गावकऱ्यांसाठी मात्र ती रोजची वाट आहे.

डिसेंबर महिना होता. पैलतीरावरच्या एका होडीवाल्या काकांचा मामूंना फोन आला. होडीच्या तळाला भेग पडली होती. आम्ही सामान बांधले आणि पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला आलो. तेथून तापोळ्याला उतरलो, तेव्हा संध्याकाळ झाली होती. हर्णैला आम्ही एका सदऱ्यावर निघालो होतो. तापोळ्याला मी मामूंची शालही मागून घेतली.

दुसऱ्या होडीतून आम्ही पलीकडे गेलो. काकांनी आपली होडी आठ दिवसांपूर्वीच पाण्याबाहेर काढून पालथी घातली होती. ते त्यांनी शहाणपणाचे केले होते, कारण ओल्या फायबरवर नवा थर धरत नाही. भेग वीतभर लांब होती. धरणाचे पाणी उतरते तेव्हा बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात. तशा एका बुंध्यावर होडी आदळली होती. पण ही गोष्ट मागच्या वर्षीची. तेव्हाच कोणा कारागिराने ठिगळ लावले होते. या वर्षी ते भर पाण्यात सुटले. होडीत नऊ माणसे होती. डबे आणि बादल्यांनी पाणी उपसत ती कशीबशी काठाला लागली.

मामूंनी सुरीचे टोक ठिगळाच्या कडेखाली घातले. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे ते निघून आले. मामूंनी त्याच्या खालच्या बाजूवर नख ओढले. पांढरा ओरखडा उठला. वर्ष झाले तरी ते आतून मऊच होते. त्याला रेझिनचा वासही येत होता.

"दादा, हे काम थंडीत केले होते ना? आणि संध्याकाळी?" मामूंनी विचारले.

काका चकित झाले. "होय मिस्त्री. दव पडायला लागले होते. तुम्हाला कसे कळले?"

मामूंनी उत्तर दिले नाही. ठिगळावर वरून निळा रंग दिलेला होता, तो फक्त दाखवला. माझे तर मत असे झाले आहे, की होडीच्या दुरुस्तीत सर्वांत लबाड वस्तू म्हणजे रंग. तो चांगल्या कामावर जितका शोभतो, तितकाच वाईट कामावरही.

पुढचा दिवस घासण्यात गेला. होडीचा तळ सहा मिलिमीटर जाड होता. भेगेच्या दोन्ही बाजूंना मामूंनी सात सेंटीमीटरपर्यंत उतार दिला. जाडीच्या बारापट उतार हा त्यांचा नियम. उतार जितका लांब, तितकी नव्या थराला जुन्याची पकड जास्त मिळते. काचेची धूळ अंगाला फार खाजते. आम्ही नाकातोंडावर मास्क बांधले होते. तरी रात्री मानेला आग होत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी थर्मामीटर पाहिला. अकरा अंश. पाण्यावर धुके होते आणि होडीच्या पाठीवर दवाचे थेंब. मी एका कपात थोडी रेझिन घेऊन, मामूंच्या सांगण्यावरून चाचणी केली. आमच्याकडे हर्णैला ती पंधरा-वीस मिनिटांत गोठते. येथे सव्वा तास झाला तरी काडी तिच्यात सहज फिरत होती.

काका काळजीत पडले. त्यांना घाई होती आणि तिला कारणही होते. शेजारच्या घरातल्या सुनेचे दिवस भरत आले होते. काका म्हणाले, "मिस्त्री, औषध जरा जास्त घाला की. लवकर होईल."

"दादा, जास्त औषधाने जाळी मजबूत होत नाही," मामू म्हणाले. "दोन टक्क्यांच्या वर मी जाणार नाही. आपल्याला औषध नको, ऊब हवी."

ऊब म्हणताच काकांच्या मुलाने लाकडे गोळा केली आणि होडीजवळ शेकोटी रचली. तो काडी ओढणार, इतक्यात मामू धावले. मी त्यांना इतके चढ्या आवाजात बोलताना कधी ऐकले नव्हते. रेझिनमधून स्टायरिन नावाची वाफ निघते. ती पेट्रोलसारखी पेट घेते. म्हणून रेझिनजवळ विस्तव, चूल, विडी काहीही चालत नाही. याच कारणाने मामूंनी रेझिनचा डबा रात्री काकांच्या स्वयंपाकघरातही ठेवू दिला नव्हता. तो पडवीत गोधडीत गुंडाळून ठेवला होता. हार्डनरची बाटली तर त्याहून दूर, वेगळ्या कोपऱ्यात. ते डोळ्यांत उडाले तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून ते मोजताना मामू चष्मा घातल्याशिवाय झाकण उघडत नाहीत.

मुलगा हिरमुसला. मामूंनी त्याला जवळ बोलावले आणि ताडपत्री आणायला सांगितले. होडीवर ताडपत्रीचा तंबू झाला. आत दोनशे वॅटचे दोन पिवळे बल्ब टांगले. दव आधीच कोरड्या फडक्याने पुसून घेतले होते. साडेअकराला होडीचा तळ सव्वीस अंशांवर आला. रेझिनचा लहान डबा झाकण लावून कोमट पाण्याच्या बादलीत ठेवला होता; तीही सैल झाली. मग मामूंनी बल्ब बाहेर काढले, ताडपत्री वर केली आणि हातमोजे घातले.

त्यानंतरचा तास मला फार आवडतो. कोणी बोलत नाही. मी मॅटचे कापलेले तुकडे एकेक करून देत होतो. मामू ब्रशने रेझिन लावत, तुकडा ठेवत, पुन्हा रेझिन लावत आणि मग छोट्या रोलरने हवेचे बुडबुडे दाबून काढत. पांढरी मॅट भिजली की काचेसारखी पारदर्शक होते. जेथे पांढरे राहील तेथे हवा राहिली असे समजावे. उन्हाळ्यात मामू तीन थर बसवून थांबतात, नाही तर ठिगळ फार तापते. येथे त्यांनी सहाही थर एकामागून एक बसवले. एका थराची ऊब दुसऱ्याच्या कामी यावी म्हणून. दीड वाजता काम संपले. दुपारच्या उन्हात रेझिन गोठली. वास कमी झाल्यावर तंबू पुन्हा झाकला आणि बल्ब आत, पण हातभर दूर, टांगले.

संध्याकाळी काका आले. ठिगळ वरून कडक झाले होते. त्यांनी बोट लावून पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. "झाले की, मिस्त्री! रात्री पाण्यात घालू?"

मामूंनी कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये बुडवला आणि ठिगळाच्या कडेवर थोडा वेळ घासला. मग काकांचे बोट धरून तेथे टेकवले. बोट किंचित चिकटले.

"अजून कच्चे आहे, दादा."

"पण रात्री त्या पोरीला काही झाले तर?"

मामू गप्प राहिले. मलाही वाटले, की आता ते नाही म्हणू शकणार नाहीत. ते उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "चला, पलीकडे जाऊ. दुसरी होडी बघू." दोघे अंधारात तापोळ्याला गेले आणि एका होडीवाल्याला रात्रभर या काठावर थांबायला राजी करून आले. त्याचे पैसे मामूंनी दिले. काकांनी ते परत करायचा प्रयत्न केला. मामूंनी शेवटपर्यंत घेतले नाहीत.

रात्री अकराच्या सुमारास वीज गेली. बल्ब विझले. मी ताडपत्रीत हात घातला तर ऊब भराभर उतरत होती. मामू काही बोलण्याआधी शेजारची म्हातारी घरातून बाहेर आली. ती त्या सुनेची सासू. तिने आपली गोधडी आणली होती. "हिला पांघरा," ती म्हणाली. मग दुसऱ्या घरातून गोधडी आली, तिसऱ्या घरातून घोंगडी आली. थोड्याच वेळात होडीवर सात-आठ पांघरुणे झाली. त्या थंडीत वस्तीतली माणसे चुलीपाशी बसून राहिली आणि होडी गोधड्या पांघरून झोपली. पहाटे तीनला वीज आली. मामूंनी आधी सगळी पांघरुणे मोजून बाजूला काढली, मगच बल्ब लावले. गोधडीला बल्ब टेकला तर आग लागायला वेळ लागत नाही.

चौथा दिवस त्यांनी कोणाला ठिगळाला हातही लावू दिला नाही. ताडपत्रीच्या आत थर्मामीटर अडतीस अंश दाखवत होता. पाचव्या दिवशी सकाळी पुन्हा ॲसिटोन लावले. बोट चिकटले नाही. मग मामूंनी खिशातून रुपयाचे नाणे काढले आणि ठिगळावर जागोजागी वाजवले. जेथे आत पोकळी असते तेथे ठक्क असा बोदा आवाज येतो. येथे सगळीकडे सारखा, खणखणीत आवाज आला.

होडी पाण्यात ढकलली. मामूंनी तिच्यात माणसे बसू दिली नाहीत. आधी वाळूची पोती भरली, नऊ माणसांच्या वजनाची, आणि तासभर होडी काठाशीच धरून ठेवली. नंतर पोती उचलून आम्ही तळ पाहिला. धूळ होती तशी कोरडी होती.

ती सून दुसऱ्या दिवशी सकाळी तापोळ्याच्या दवाखान्यात जायला निघाली. धुके अजून उठले नव्हते. म्हातारी तिच्यासोबत होडीत चढली. बसण्याआधी ती वाकली आणि फळीखाली हात घालून तिने तळ चाचपून पाहिला. मग हात पदराला पुसायची गरज न पडता तिने तो सुनेच्या पाठीवर ठेवला आणि काकांना म्हणाली, "सोड आता."