अनंतगिरीवरचा रविवार

2013 सालच्या ऑगस्टमधला पहिला रविवार होता, म्हणजे फ्रेंडशिप डे. अनंतगिरीला जायचं आम्हा तिघांचं महिनाभर आधीच ठरलं होतं. पण त्याच आठवड्यात, मंगळवारी 30 जुलैला, दिल्लीत काँग्रेसने वेगळ्या तेलंगणाचा निर्णय जाहीर केला. दहा जिल्ह्यांचं नवं राज्य आणि हैदराबाद दहा वर्षं दोघांची राजधानी. त्या रात्री वरंगळच्या मित्राच्या गल्लीत फटाके वाजले. गुंटूरच्या मैत्रिणीने फोनच उचलला नाही.

कॉलेजपासून आमची दोस्ती. तिला मी ‘गुंटूरची’ म्हणतो खरा, पण तिचा जन्म कुकटपल्लीतला. वडील सचिवालयात नोकरीला. आमचं घर काचीगुड्याला. पणजोबा नांदेडकडून आले, तेव्हापासून आम्ही इथलेच.

जायचं की नाही, यावर दोन दिवस कुणीच बोललं नाही. शेवटी तिचाच मेसेज आला, ‘डबा मी आणते.’

सकाळच्या गाडीने विकाराबादला उतरलो आणि रिक्षाने वर गेलो. पावसाने डोंगर हिरवागार झाला होता. मुसी नदी इथे उगम पावते. चादरघाटाच्या पुलावरून आम्ही नाक दाबून ओलांडतो, ती हीच मुसी, यावर विश्वास बसत नव्हता.

झाडाखाली डबे उघडले. आईने धपाटे आणि अंबाडीची चटणी दिली होती. मैत्रीण म्हणाली, “अरे, ही तर गोंगुरा!” मित्र म्हणाला, “आमच्याकडे हिला पुंटीकूर म्हणतात.” एवढ्यावर हसून विषय संपायला हवा होता. पण तो पुढे म्हणाला, “बघ, आमचा शब्दसुद्धा तुमच्या पुस्तकात नसतो. सिनेमात आमची बोली कोण बोलतं? गुंड, नाहीतर नोकर.”

मग सगळंच बाहेर आलं. त्याचा मोठा भाऊ कित्येक वर्षं सरकारी नोकरीच्या परीक्षा देत होता. 1956 साली आंध्र आणि तेलंगणा एकत्र करताना पुढाऱ्यांनी करार केला, तो पाळला गेला नाही. 1969 मध्ये पोरांनी गोळ्या खाल्ल्या. स्थानिकांच्या जागांवर बाहेरचे भरलेत, त्यांना परत पाठवा, असा 610 क्रमांकाचा आदेश 1985 साली सरकारनेच काढला, तोही कागदावरच राहिला. तो हे सगळं पाठ केल्यासारखं सांगत होता. घरी रोज तेच ऐकत आला होता.

ती शांतपणे म्हणाली, “तुझ्या भावाची नोकरी माझ्या बाबांनी घेतली का? उद्या त्यांना ‘तिकडे’ जा म्हणतील. तिकडे म्हणजे कुठे? गुंटूरला आमचं घरही उरलं नाही.” मग ती माझ्याकडे वळली. “तू काहीच बोलत नाहीस. तूही बाहेरूनच आलास ना? तुला कुणी जा म्हणत नाही.”

मी घरचं ठेवणीतलं उत्तर दिलं. “आम्हाला काय! तुमचं तुम्ही बघा. आमचं राज्य 1956 लाच फुटलं.” आमच्याकडे ही चेष्टा नेहमीची. निजामाच्या राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरला आणि तेलंगणा आंध्रला जोडला गेला. आजी म्हणायची, “मी जागची हलले नाही, पण माझं माहेर परराज्यात गेलं.”

मित्राने मला रोखून पाहिलं. “बरं, मग विदर्भ वेगळा झाला तर?”

“मुळीच नाही!” मी ताडकन बोललो. “महाराष्ट्र का तोडायचा?”

दोघंही माझ्याकडे बघतच राहिले. मलाही माझा आवाज ऐकून नवल वाटलं. मी महाराष्ट्रात एक दिवसही राहिलेलो नाही. विदर्भातल्या माणसाचं म्हणणं काय आहे, हे कधी विचारलं नव्हतं. फजल अली आयोगाने 1955 साली तेलंगणाप्रमाणेच विदर्भही वेगळा ठेवावा असं सुचवलं होतं, हेसुद्धा मला त्याच दिवशी मित्राकडून कळलं.

“आता समजलं मला कसं वाटतं ते?” ती म्हणाली.

“आणि मला कसं वाटतं, तेही विदर्भवाल्याला विचार,” तो म्हणाला.

मी ज्याला तटस्थपणा समजत होतो, ती माझी सोय होती. कुणी आम्हाला हुसकावत नव्हतं, म्हणून आम्हाला ‘आम्हाला काय’ म्हणणं परवडत होतं. उतरताना मी मित्राला म्हणालो, “तुमचं राज्य व्हायला हवं, मला पटतं. पण हिच्या बाबांना कुणी ‘जा’ म्हणालं, तर तू काय करशील?” तो बराच वेळ बोलला नाही. स्टेशनवर तिच्या हातात चहा देताना म्हणाला, “अंकलना सांग, मी आहे.”

2 जून 2014 ला तेलंगणा झालं. 2016 मध्ये तिच्या वडिलांचं ऑफिस वेलगपुडीला गेलं. निवृत्तीपर्यंत ते शनिवार-रविवारी कुकटपल्लीला यायचे. कितीतरी वेळा त्यांना स्टेशनवरून आणायला मित्राचीच गाडी असायची. त्याच्या भावाला सरकारी नोकरी मिळालीच नाही. “पण आता जाब विचारायला सरकार तरी आपलं आहे,” असं तो म्हणतो. मैत्रिणीला अजूनही वाटतं की राज्य तोडायला नको होतं. दोघांचं एकमत झालेलं नाही, होणारही नाही.

गेल्या वर्षी नांदेडच्या चुलतभावाकडे गेलो होतो. तिथे लग्नाच्या पंगतीत नागपूरचे एक काका वेगळ्या विदर्भाबद्दल बोलू लागले. आजूबाजूचे हसले. मी मात्र ताट घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि म्हणालो, “काका, नीट सांगा. मला ऐकायचं आहे.”