‘सोयीनुसार’ असं लिहू नका

संमतीने विभक्त होणाऱ्या आईबाबांना,



तुमच्या कन्सेंट टर्म्सचा मसुदा तयार होत असेल. पोटगी, फ्लॅट, दागिने, लॉकर यांवर त्यात पानंच्या पानं असतील. मुलाबद्दल बहुधा एकच ओळ: ‘ताबा आईकडे राहील, वडिलांना परस्पर सोयीनुसार भेटता येईल.’ सध्या तुमचं सामोपचाराने चाललंय, म्हणून ती पुरेशी वाटेल. कौटुंबिक न्यायालयात वकिली करताना मी बघते, पुढचे कितीतरी अर्ज या एका ओळीतून निघतात. सोय दोघांची जुळत असती तर वेगळं व्हायची वेळ आली असती का?

कागदावर जे ठरत नाही, ते मुलाच्या गळ्यात पडतं. ‘बाबांना विचार, शनिवारी येणार आहेत का.’ ‘आईला सांग, क्लासची फी मी भरली.’ आठ वर्षांचं पोर निरोप्या होतं आणि कुठला निरोप गाळायचा हेही शिकतं.

म्हणून बारीकसारीक लिहा. शुक्रवारी शाळा सुटल्यावर बाबा परस्पर घेऊन जातील, सोमवारी सकाळी शाळेतच सोडतील, असं ठरवलंत तर सोसायटीच्या गेटवर मुलासमोर तुमची जुंपणार नाही. मग शनिवार-रविवारचे कपडे आणि खेळाचे बूट दोन्ही घरी लागतील. दमा असेल तर इनहेलरही दोन्हीकडे हवा. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघांचेही नंबर असू द्या. बाबांच्या घरी गणपती बसत असेल तर ते दिवस दरवर्षी त्यांचे, दिवाळी आईकडे. मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी. आजी-आजोबांनाही यात जागा ठेवा, त्यांचा घटस्फोट झालेला नाही.

‘खर्च अर्धा-अर्धा’ म्हणजे नेमका कशाचा? शाळेची फी, व्हॅन, क्लास, दाताच्या तारा. आधी कोण भरणार, दुसऱ्याने किती दिवसांत परत द्यायचे? बदली होऊन शहर सोडायचं असेल तर किती आधी कळवायचं? मुलाच्या पासपोर्टच्या अर्जावर सर्वसाधारणपणे दोघांची संमती लागते. ती अडवून धरणार नाही, हेही आत्ताच लिहून टाका.

कायदा तुम्हाला तयार आराखडा देत नाही. पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडे, असं १९५६चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा म्हणतो, पण सर्वोच्च मानतो ते मुलाचं हित. विधी आयोगाने २०१५च्या २५७व्या अहवालात संयुक्त ताब्याची आणि पालकत्व आराखड्याची शिफारस केली. यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सांगितलं, की मुलाला आईवडील दोघांच्याही मायेचा हक्क आहे आणि लांब राहणाऱ्या पालकाला व्हिडिओ कॉलवर बोलता आलं पाहिजे. त्या कॉलची वेळ मात्र तुम्हालाच ठरवावी लागेल. आणि तो चालू असताना दुसऱ्याने खोलीबाहेर जावं.

हिंदू विवाह कायद्याखाली संमतीच्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानंतर ही मुदत माफ होऊ शकते, पण मुलाच्या ताब्यासह सगळं खरोखर मिटलेलं असेल तर. माफी मागण्याची घाई नको. या सहा महिन्यांत आराखडा प्रत्यक्ष चालवून बघा. शुक्रवारच्या ट्रॅफिकमध्ये तो टिकतो का, परीक्षेच्या आठवड्यात काय होतं, हे तेव्हाच कळेल. हुकूमनामा झाल्यावरही त्याच कायद्याच्या कलम २६खाली मुलाबाबतचे आदेश बदलून घेता येतात. चौथीतल्या मुलाचं वेळापत्रक दहावीत चालणार नाही, तेव्हा दरवर्षी जूनपूर्वी फेरविचार करू, असं एक कलम घालाच.

घरात मारहाण किंवा धाक असेल तर हे पत्र तुमच्यासाठी नाही. तिथे आधी सुरक्षितता. भेट कुठे, कुणाच्या देखरेखीखाली, हे न्यायालयाला ठरवू द्या.

बाकीच्यांनी सही करण्याआधी एक परीक्षा घ्यावी. पुढच्या जुलैतला कुठलाही बुधवार निवडा. मूल त्या रात्री कुठे झोपेल, सकाळी डबा कोण देईल, ताप आला तर शाळा कुणाला फोन करेल, हे दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा. उत्तरं जुळली नाहीत तर सहीची तारीख पुढे ढकला.

आपली,
एक वकील