चौदाव्या घरचा केक

डिसेंबरात दिल्लीवर धुकं उतरलं की आमची कॅरलची मंडळी निघते. मी मूळची नगरची. आमच्या नाताळच्या करंज्यांना इथे गुजिया म्हणतात, चव मात्र तीच. त्या रात्री चौदाव्या घरी एका आजींनी आमच्या पाळकसाहेबांपुढे केक धरला. त्यांनी हसून घेतला, खाल्ला, वर चहाही प्यायले. गाडीत बसल्यावर त्यांनी पिशवीतून ग्लुकोमीटर काढून बोटाला सुई टोचली. साखरेचा आकडा आला ३१२. नाही म्हटलं असतं तर आजींना वाईट वाटलं असतं, एवढंच ते म्हणाले.

तो आकडा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सकाळी गाझियाबादला मयत, दुपारी गुडगावला लग्न, रात्री कुणाच्या तरी घरचं भांडण. या माणसाने स्वतःचं दुखणं सांगायचं कुणाला? मंडळीला सांगावं, तर विश्वास कमी पडला म्हणतील. वरिष्ठांना सांगावं, तर बदली त्यांच्याच हातात. राहतं घर चर्चचं, निवृत्त झालं की सोडायचं. कोविडच्या काळात, २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत त्यांनी पीपीई किट घालून एकामागून एक दफनं केली. त्या दिवसांत तुम्हाला झोप लागते का, असं आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

याच दिल्लीत मिशनच्या बायकांनी बायका-मुलांसाठी सेंट स्टीफन्स हॉस्पिटल उभारलं, १८८५ साली. आणि पाळकाच्या वार्षिक तपासणीला आमच्या अंदाजपत्रकात रकाना नव्हता!

कवी आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली. त्या त्यागाचं आपण कौतुक करतो, करावंच. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला सारखं वाटतं, डब्यातलं पीठ किती उरलं ते लक्ष्मीबाईंना बघावं लागत होतं. पाळकाच्या सेवेत त्याचं अख्खं घर राबत असतं.

बायबलमधला थकलेला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर दिली, पाणी दिलं आणि पुन्हा झोपू दिलं. बोलणं, पुढचा प्रवास, सगळं त्यानंतर.

जानेवारीत पास्टरेट कमिटीपुढे मी तीन गोष्टी मांडल्या. सोमवारी साहेबांचा फोन दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा. डोळे, साखर, रक्तदाब यांची दरवर्षी तपासणी, साहेबांची आणि पाळकीणबाईंचीही. आणि मन मोकळं करायला चर्चबाहेरचा एखादा समुपदेशक, ज्याच्याकडून गोष्ट परत चर्चमध्ये येणार नाही. “देवाच्या सेवकाला सुट्टी कसली?” एका वडीलधाऱ्यांनी विचारलं. मला राग आला, तो मी लपवला नाही. पहिल्या दोन गोष्टी मंजूर झाल्या. तिसरीसाठी मी पुन्हा उभी राहणार आहे.

परवा सोमवारी ज्वारीच्या भाकऱ्या आणि मेथीची भाजी घेऊन गेले. पाळकीणबाईंनी दार अर्धंच उघडलं, ओठांवर बोट ठेवलं. दुपारचे बारा वाजले होते आणि आतून घोरण्याचा आवाज येत होता. डबा त्यांच्या हातात दिला आणि पावलं न वाजवता जिना उतरले.