गाडी कशी आहे?

नवी सून आणि नवी मोटार यांच्याविषयी पहिल्या वर्षी कोणी वाईट बोलत नाही. दुसऱ्या वर्षी बोलावेसे वाटते. पण तोवर चारचौघांत इतके कौतुक करून झालेले असते की माघार घेता येत नाही. माझी आई म्हणते, सुनेच्या बाबतीत हे आता खरे राहिलेले नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र ते अजून अगदी खरे आहे. कोणाही गाडीवाल्याला विचारा, "गाडी कशी आहे?" उत्तर ठरलेले : "एक नंबर!"

२०२३ साली आमच्या घरी गाडी घ्यायचे ठरले तेव्हा हा प्रश्न बाबांनी आणि मी निदान वीस जणांना विचारला असेल. बाबा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर काम करतात. मोटारींचे सुटे भाग त्यांच्या हाताखालून हजारांनी गेले. पण नवी कोरी मोटार आमच्या दारात कधी आली नव्हती. होती ती तिसऱ्या हातची, लहानशी आणि जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. तिच्यात बसणे म्हणजे विहिरीत उतरणे आणि बाहेर येणे म्हणजे रहाटाने वर येणे. आजीचे गुडघे धरल्यापासून तिने त्या विहिरीत उतरणे सोडून दिले. तिचे माहेर जांबोटीच्या पुढे रानात आहे. चार वर्षे ती तिकडे गेलेली नव्हती.

तेव्हा गाडी उंच हवी, हे आजीच्या गुडघ्यांनी ठरवले. निदान आम्ही तसे म्हणत होतो. खरे सांगायचे तर "आजीसाठी, आजीसाठी" हा घोष सगळ्यांत मोठ्याने मी करत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर कॉलेजचे फाटक होते. त्या फाटकासमोर उंच गाडीतून उतरणारी मी होते. आजी एवढेच म्हणाली, "माझ्या नावावर काय घेऊ नका गा. मी काय आता फिरणार हाय?"

उंच आणि तरीही आवाक्यातली, म्हणजे आजकाल जिला कॉम्पॅक्ट एस.यू.व्ही. म्हणतात ती. हा प्रकार तसा फार जुना नाही. २०१३ मध्ये इकोस्पोर्ट आली, २०१६ मध्ये विटारा ब्रेझा, २०१७ मध्ये नेक्सॉन, २०१९ मध्ये व्हेन्यू. आणि बघता बघता रस्ते या गाड्यांनी भरून गेले. दिसायला जीप, पण जीपसारखी वेगळी चासी बहुतेकींना नसते आणि जोरही पुढच्या दोनच चाकांना असतो. थोडक्यात, पैलवानाचा फेटा बांधलेला कारकून! पण या कारकुनाचे पोट जमिनीपासून साधारण २०० मिलिमीटर वर असते आणि बेळगावच्या रस्त्यांवर त्या उंचीची किंमत मोठी आहे.

बाबांनी एक वही केली. डावीकडे "चांगले", उजवीकडे "वाईट". तीन आठवड्यांत डावा रकाना भरून गेला आणि उजवा कोरा राहिला. रस्ता चांगला दिसतो, खड्डे कळत नाहीत, एसी गार आहे, मान राहतो. बाबांना हे पटेना. व्हर्नियर घेऊन जन्म घालवलेला माणूस. ज्या जॉबमध्ये काहीच चूक सापडत नाही त्याचे मोजमाप चुकले आहे, असे त्यांना वाटते.

मग त्यांना एक युक्ती सुचली. ते गाडी चालवणाऱ्याला विचारायचे सोडून मागे बसणाऱ्यांना विचारू लागले. आठ दिवसांत उजवा रकाना भरला! डॉक्टरांच्या घरी डॉक्टर म्हणाले, "पाच माणसे आरामात." त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "चार आरामात. पाचवी मी असते, मधे. पाय ठेवायला जागा नाही." कोल्हापूरच्या मामांनी गाडीची तारीफ केली, मामी म्हणाली, लग्नाला जायचे तर दोन बॅगा मागे आणि तिसरी माझ्या मांडीवर. म्हापशाच्या मावशीची मुलगी म्हणाली, "चोर्ला घाटात उंच गाडी झोकांड्या खाते, मला दर वेळी उलटी होते." हे तिच्या वडिलांना तीन वर्षे ठाऊक नव्हते, कारण त्यांचे लक्ष वळणांकडे असे. गॅरेजच्या मेस्त्रींनी सांगितले, की टायर मोठे आहेत, बदलायची वेळ आली की खिसा रिकामा होईल. आणि इंजिन तीन सिलिंडरचे असेल तर सिग्नलला उभे असताना जरा थरथरेल, तिकडे लक्ष देऊ नका.

तेव्हापासून माझे मत झाले आहे, की गाडीबद्दल मालकाचे मत म्हणजे पाचातल्या एका आसनाचे मत.

मामांनी आणखी एक सल्ला दिला. "गाडी इकडे घ्या. महाराष्ट्रात कर कमी पडतो. एम.एच. ०९ नंबर मिळेल." सीमाभागातल्या माणसाला हा मोह नवा नाही. बाबा म्हणाले, "घर इथं, रस्ता इथला, मग नंबर तिथला कशाला?" आणि के.ए. २२ ठरले. या विषयावर आमच्या घरात झालेले हे सर्वांत लहान भाषण होय.

या गाड्यांची पाठ अशी छाटल्यासारखी का दिसते, हे कोडे मला होते. ते आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी सोडवले. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरचा अबकारी कर शेकडा २४ वरून १६ वर आणला गेला. लहान मोटार म्हणजे कोणती? तर लांबीला चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचे असेल तर १२०० सी.सी. पर्यंत, डिझेलचे असेल तर १५०० सी.सी. पर्यंत. झाले! कारखानदारांनी टेप घेतला आणि गाड्या ३९९५, ३९९९ मिलिमीटरवर आणून थांबवल्या. पुढे इंजिन हवे, मधे माणसे हवीत. मग कापायचे कुठे? मागे. म्हणजे माझ्या मामीच्या मांडीवरची तिसरी बॅग दिल्लीच्या एका ओळीने तिथे ठेवली आहे! अर्थशास्त्र इतके घरगुती असते, हे मला तोवर माहीत नव्हते.

पण त्या चार मीटरांनी आमच्या घरीही काहीतरी कापायला लावले. तीच या लेखाची खरी गोष्ट आहे.

आम्ही शहापुरात राहतो. गल्ली अरुंद, गाडी रस्त्यावर ठेवली तर दुधाची गाडीही पुढे जाणार नाही. घराच्या बाजूला आमची मोकळी पट्टी आहे. जुनी गाडी तिथे कशीबशी मावत असे. नवी आणायच्या आधी बाबांनी मोजले. गाडी तेरा फुटांच्या थोडी वर. जागा भरली साडेअकरा फूट. आणि त्या जागेच्या तोंडाशी आजोबांनी बांधलेला शहाबादी फरशीचा कट्टा.

त्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी आजी आणि शेजारच्या कन्नड अज्जी बसत. आजीला कन्नड बेताचे, अज्जींना मराठी बेताचे. पण चाळीस वर्षांत त्यांचे बोलणे कधी अडलेले मी पाहिले नाही. भाजीवाली तिथे पाटी टेकवी, पोस्टमन पाणी पिई, मी तिथेच बाराखडी गिरवली आणि अज्जींकडून ऑंदु, एरडु, मूरु शिकले.

बाबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, "आजी कट्ट्यावर बसते ती गुडघ्यांमुळे कुठे जाता येत नाही म्हणून. गाडी आली की ती फिरेल. मग कट्टा लागतो कशाला?" वादविवाद स्पर्धेत बक्षीस मिळवणाऱ्या मुलीचा युक्तिवाद होता. बिनतोड होता आणि खोटा होता. आजी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. गवंड्याने एका सकाळीत कट्टा काढला.

२०२३ च्या दसऱ्याला गाडी आली. हार घातला, चाकांखाली लिंबे ठेवली, कुंदा वाटला. अज्जी आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली, काचेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "गाडी चलो ऐती. आद्र कट्टी एल्ली?" गाडी छान आहे, पण कट्टा कुठे? प्रश्न साधा होता. उत्तर द्यायला मराठीतही शब्द सापडेना आणि कन्नडमध्येही.

गाडीचे नाव मी सांगत नाही. सांगितले तर हा लेख जाहिरात तरी होईल, नाही तर तक्रार. वापराचा अनुभव मात्र सांगते. लिटरमागे सतरा-अठरा किलोमीटर जाईल असे सांगितले होते. गावात अकरा जाते, कोल्हापूरच्या महामार्गावर पंधरा-सोळा. गतिरोधकांवर पोट घासत नाही, हे सुख जुन्या गाडीवाल्यालाच कळेल. खडे बाजारात मात्र ती न्यायची सोय नाही. बाजाराला बाबा अजून स्कूटरच काढतात. माहेरच्या तांदळाचे एक पोते आणि दोन फणस मागे बसतात; तिसरा फणस आईच्या पायाशी. पाच वर्षे हप्ता आहे आणि महिन्याच्या पाच तारखेला बाबांचा चेहरा ओळखू येतो. कॉलेजच्या फाटकासमोर मी एकदा उतरले. कोणी पाहिले नाही. त्या दिवशी तशाच आणखी चार गाड्या तिथे उभ्या होत्या!

आजीचे काय? बाबांनी टेप लावून पाहिले होते : जुन्या गाडीची बैठक जमिनीपासून वीस इंच, नवीची सव्वीस. सहा इंचांचा फरक. त्या दिवाळीनंतर आम्ही आजीला घेऊन जांबोटीच्या रस्त्याला लागलो. ती दार धरून वळली, मागे टेकली आणि बसली. कोणी हात दिला नाही. "बसायला येतंय की गा!" ती बाबांना म्हणाली. डांबरी रस्ता संपून तांबडी वाट लागली तेव्हा जुन्या सवयीने आम्ही सगळ्यांनी श्वास धरला. पण खाली काही घासले नाही. आजीचा थोरला भाऊ अंगणात उभा होता. चार वर्षांनी भेटलेली ती दोघे म्हातारी भावंडे काहीच बोलली नाहीत. तो तिला गोठा दाखवायला घेऊन गेला. बाबा गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिले. त्यांच्या वहीतल्या कोणत्याच रकान्यात ही नोंद मावली नसती.

दोन वर्षांत आजी पाच वेळा माहेरी जाऊन आली. मग २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा लहान गाड्यांवरचा कर शेकडा अठरावर आला. आम्ही घेतली तेव्हा उपकरासह तो एकोणतीस होता. गल्लीतले सगळे हळहळले, "दोन वर्षे थांबला असता तर!" बाबांनी हिशेब केला, रक्कम बघून त्यांना वाईटही वाटले. पण आजीचा भाऊ त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गेला होता. थांबलो असतो तर त्या पाच भेटी राहिल्या असत्या. हे बाबा कोणाला सांगत नाहीत. नुसते "हो ना" म्हणतात.

आणि कट्टा? तो गेला तो गेलाच. पहिले काही महिने अज्जी संध्याकाळी येत, गाडीपाशी उभ्या राहत आणि परत जात. प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवून पाहिल्या. पण खुर्चीवर बसले की बाई पाहुणी होते, दोघींनाही तिथे बोलता येईना. एके दिवशी मी कॉलेजमधून आले तर गाडीची मागची दोन्ही दारे सताड उघडी आणि आत दोघी बसलेल्या. मधे शेंगांचे सूप. चिंचेच्या भावावरून काहीतरी वाद चालला होता. बैठकीवर टरफले पडलेली पाहून बाबा पुढे झाले. मग थांबले, आणि त्यांनी पुढचीही दारे उघडून दिली, वारा यावा म्हणून.

तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला आमची गाडी तासभर कट्टा असते. पण तो दोघींचाच कट्टा आहे. भाजीवाली आता पाटी टेकवत नाही. ती पुढच्या घरापाशी थांबते. पोस्टमन पाणी मागत नाही. परवा समोरच्या घरातले लहान पोर बाहेर उभे राहून आत बघत होते. त्याला "ये, बस" म्हणायला हवे हे माझ्या ध्यानात आले तोवर ते निघून गेले होते.

गेल्या आठवड्यात बाबांच्या कारखान्यातले एक गृहस्थ घरी आले. त्यांना गाडी घ्यायची आहे. आमचीच पसंत आहे. त्यांनी तोच प्रश्न विचारला, "गाडी कशी आहे?" बाबांनी त्यांना चहा दिला, वही दाखवली, मागच्या आसनावर मधोमध बसवून गल्लीला एक फेरी मारून आणली. मग टेप काढून त्यांच्या हातात दिला आणि विचारले, "घराबाजूला जागा किती आहे? आणि तिथं आता कोण बसतं?"