पोटदुखीचे अर्ज

वर्दी या शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. अंगावर चढवायची ती वर्दी आणि आग लागल्याची खबर येते तीही वर्दीच. पहिली आमच्या आस्थापना विभागात यायची: गणवेशाचं कापड, शिलाई, धुलाई भत्ता, गमबूट फाटल्याचा अर्ज. दुसरी यायची खाली वॉच रूममध्ये. ती आली की घंटा घणघणायची, बंब धडधडत दाराबाहेर पडायचा आणि वर माझ्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट जागचा सरकायचा.

१९८३ साली मी लागलो. राहायला भिवंडीत, नोकरी जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका पालिकेत. तिचं नाव सांगत नाही. निवृत्तिवेतन अजून तिथूनच येतं. अग्निशमनच्या चाळीसेक माणसांची सेवापुस्तकं माझ्या कपाटात असायची. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर जन्मतारीख, उंची, बोटांचे ठसे आणि ओळखीची खूण. रुजू होताना लिहिलेलं असायचं, ‘उजव्या भुवईवर तीळ’. दहा वर्षांत त्याच माणसाच्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची अशी खूण पडलेली असायची की अंधारातही ओळखावी. पण तो रकाना एकदा भरला की भरला. पुन्हा कोणी उघडत नसे.

रजेचे अर्जही माझ्याकडेच. पहिल्या दोन-तीन वर्षांत माझ्या लक्षात आलं की बंबवाल्यांना पोटदुखी फार. त्यातही अर्ज सगळे एकाच वळणदार अक्षरातले, खाली सही तेवढी ज्याची त्याची, कुठे अंगठा. ‘अचानक पोटात दुखू लागल्याने दोन दिवस कामावर येऊ शकत नाही.’ मी तरुण होतो, नियम नुकते पाठ झाले होते. लाल शाईने शेरा मारला, ‘वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे’, आणि पाच अर्ज एकदम परत पाठवले.

दुपारी त्यांचे केंद्रप्रमुख स्वतः जिना चढून आले. त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत. खुर्चीवर बसले, अर्ज टेबलावर ठेवले.

“भाऊसाहेब, डॉक्टरला काय लिहायला सांगू, तुम्हीच सांगा.”

सोबत त्यांनी ऑकरन्स बुक आणलं होतं. आलेली प्रत्येक वर्दी त्यात लिहिली जाते: किती वाजता आली, बंब किती वाजता निघाला, किती वाजता परतला. त्यांनी पान उघडून बोट ठेवलं. पाचही अर्जांच्या आदल्या रात्रीची एकच वर्दी होती. मृतांच्या रकान्यात दोन आकडे होते आणि पुढे कंसात वयं. चार आणि सहा.

मी लाल शेरे खोडले. त्यानंतर निवृत्तीपर्यंत पोटदुखीच्या एकाही अर्जाला मी प्रमाणपत्र मागितलं नाही.

हल्ली ‘मनुष्यबळ व्यवस्थापन’ हा शब्द आला आहे. त्याची प्रशिक्षणं होतात, जेवणाच्या डब्यासकट. साहेबांकडे त्याऐवजी एक पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही होती. त्यात हजेरी नव्हती, माणसं होती. भरलेल्या विहिरीत कोण उतरतो, दोरीवर कोण चढतो, कोणाला उंचीवर घेरी येते पण लाजेने सांगत नाही, कोणाची बायको आठव्या महिन्यात आहे, कोणाचा शनिवारी उपास असतो म्हणून त्या दिवशी त्याला धुरात पुढे घालायचा नाही. भिवंडीत मोठी आग लागली की आमच्याकडूनही मदतीला बंब जायचा, कल्याणहून, ठाण्याहून जायचे तसाच. त्यासाठी वहीत वेगळं पान: नारपोली, शांतीनगर, गैबीनगरच्या गल्ल्या कोणाला माहीत आहेत, बंब कुठपर्यंत शिरतो आणि कुठून पुढे होज पाइप खांद्यावर टाकून पळावं लागतं. आणखी एक नोंद होती, ‘तेलुगू येते’. पद्मानगरात विणकरांची वस्ती तेलुगू. जळत्या घरासमोर उभ्या बाईला “आत कोणी आहे का?” हे तिच्या भाषेत विचारणारा माणूस बंबावर लागतो, हे पदांच्या कोणत्याही आकृतिबंधात लिहिलेलं नाही.

ड्युटी लावणं ही साहेबांची खरी कारागिरी. ईदेला मुसलमान पोरांच्या जागी बाकीचे उभे राहायचे, हे सांगावंही लागत नसे. दिवाळीचा प्रश्न मात्र कोणालाच सुटला नाही. फटाके, पणत्या, गवताच्या गंज्या. दिवाळी हा बंबवाल्यांचा सुगीचा काळ, त्यामुळे सगळ्यांच्याच रजा बंद. फराळाचे डबे केंद्रातच यायचे आणि वर्दीमुळे निम्मे तसेच राहायचे. मला बंबवाल्यांच्या घरचा फराळ दरवर्षी भाऊबीजेनंतर मिळायचा, मऊ पडलेला.

वर्दीवरून परत आल्यावर पाणी नाही, चहा नाही. साहेब आधी माणसं मोजायचे. एकेकाच्या पाठीवर हात ठेवून, मोठ्याने. दर १४ एप्रिलला नव्या पोरांना समोर बसवून ते १९४४ सालची गोष्ट सांगत: मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज पेटलं, पोटात कापूस आणि दारूगोळा एकत्र, विझवायला बंब भिडलेले असतानाच स्फोट झाला आणि अग्निशमनचे ६६ जण गेले. देशभर अग्निशमन दिन पाळतात तो याच तारखेला. गोष्ट सांगून झाली की साहेब म्हणायचे, “मोजायला कोणी उरलं पाहिजे.” ९ मे २०१५ च्या रात्री काळबादेवीच्या आगीची बातमी टीव्हीवर पाहताना मला ते वाक्य आठवलं. मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी त्या आगीने नेले. माणसांना पुढे पाठवून मागे उभा राहणारा नव्हे, तर आत शिरलेला प्रमुख.

आता मी जुन्या काळाच्या आरत्या ओवाळतो आहे असं वाटेल, तर थांबतो. त्या काळात धुरात शिरताना तोंडाला ओला पंचा बांधायचे, त्यालाच श्वसनयंत्र म्हणायचं. चोवीस तास ड्युटी, अतिकालिक भत्त्याचं बिल वर्षभर फिरायचं. खांद्यावरच्या होज पाइपला दहा ठिकाणी गळती आणि त्यावर सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधलेले. भरतीत छाती मोजायचे आणि चिठ्ठीही बघायचे. साहेबांची वही चांगली, पण साहेब निवृत्त झाले तेव्हा वहीही घरी गेली. पुढे जे आले त्यांना कोण पोहतो हे विचारावंसंही वाटलं नाही. एका माणसाच्या भलेपणावर चाललेला कारभार तो माणूस उठला की संपतो. बाईमाणूस बंबावर असू शकतं ही कल्पनाच नव्हती. आपल्या नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात हर्षिनी कान्हेकर २००२ साली दाखल झाल्या, तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या महिला ठरल्या. त्याआधी त्या महाविद्यालयाची चार दशकांहून जास्त वर्षं नुसत्या पुरुषांची गेली. आमच्या केंद्राच्या जुन्या इमारतीत तर कपडे बदलायला आडोसासुद्धा नव्हता. सगळे दोरीवर टॉवेल टाकून उभे.

आज सांताक्रूझच्या विद्यानगरीतल्या राज्य अकादमीच्या अभ्यासक्रमात सहा महिने घाम गाळल्याशिवाय पुष्कळ पालिकांत पोरगा अर्जच करू शकत नाही. पाठीवर हवेचा सिलिंडर असतो. हे सगळं चांगलंच झालं, आणि व्हायलाच हवं होतं, कारण आगसुद्धा बदलली. आमच्या लहानपणी भिवंडीत आग म्हणजे मागाच्या कारखान्यातली. सूत, कापड, कोपऱ्यात साठलेला कापसाचा फुफाटा. वास ओळखीचा, धूर पांढरा-करडा, आणि पाणी मारलं की विझणारी. पुढे मुंबईच्या जकातीबाहेर माल उतरवायला सोयीचं म्हणून माणकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे, वळ भागात गोदामं उठली. जकात २०१७ साली गेली, गोदामं वाढतच राहिली. आता शेडमध्ये काय आहे ते शटर उघडेपर्यंत कळत नाही. थर्माकोल, अत्तराचे डबे, मोबाइलच्या बॅटऱ्या, कुठे रसायनांची पिंपं. काहींवर पाणी मारणं म्हणजे विस्तवात तूप. आणि यातली पुष्कळ गोदामं महापालिकेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींत. वर्दी आली की बंब हद्द विचारत नाही. पण किती माणसं नेमायची हे ठरवताना हिशेबाला धरतात लोकसंख्या. गोदामात रात्री राहतो कोण? एक रखवालदार. कागदावर तिथे आग लागतच नाही.

मग माणसं पुरी पडतात कशी? पडत नाहीत. महाराष्ट्रातल्या कित्येक पालिकांत जुनी माणसं निवृत्त होतात, जागा रिक्त राहतात, आणि खर्चाची टक्केवारी बघून नवी भरती टळते. अधल्यामधल्या फटीत बाह्ययंत्रणेमार्फत घेतलेली पोरं उभी केली जातात. शिडीवर कायम आणि ठेक्याचा शेजारी शेजारी. आग दोघांना सारखीच भाजते, पण एकाचं सेवापुस्तक असतं आणि दुसऱ्याचं नसतं. माझ्या कपाटातलं पुस्तक जुनाट होतं, रकाने अपुरे होते, तरी त्यात त्या माणसाचं नाव कायमचं लिहिलेलं होतं. ठेका बदलला की या पोरांची दोन वर्षांची आगसुद्धा पुसली जाते.

हजेरीचंही तसंच. २००५ च्या २६ जुलैला कामवारी नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, उल्हास फुगली. आमच्या मस्टरवर त्यापुढच्या तीन दिवसांच्या सह्याच नाहीत. साहेबांनंतर आलेल्या एका समंजस सबऑफिसरने आडवी रेघ मारून पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘सर्व हजर’. निम्म्यांची स्वतःची घरं पाण्यात होती. पुढे लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप निघाला आणि खुलासा मी लिहिला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब खुलासा. निवृत्तीच्या आधीच्या वर्षांत अंगठ्याचं यंत्र आलं. रात्रभर पाणी मारून आलेल्या माणसाच्या बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात, धुणं धुतल्यावर पडतात तशा. यंत्राला ते बोट ओळखू येईना. ‘पुन्हा प्रयत्न करा’. रात्री गोदाम विझवून सकाळी आठ वाजता सहा माणसं ओळीत उभी, हात शर्टाला पुसताहेत, फुंकर घालताहेत, हे मी जिन्यावरून पाहिलेलं आहे. महिनाअखेरीस त्यांच्या नावापुढे गैरहजर.

मी २०१९ ला सुटलो. पुढच्या वर्षी, २१ सप्टेंबर २०२० ला, पहाटे पावणेचारच्या सुमारास भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांसकट खाली आली. कोरोनाचे दिवस. आधी शेजारपाजारचे हातांनी दगड उपसायला लागले, मग अग्निशमन, ठाण्याचं आपत्ती प्रतिसाद दल (टीडीआरएफ), राष्ट्रीय दल (एनडीआरएफ). ढिगाऱ्याखालून जिवंत माणसं निघाली तेव्हा टाळ्या वाजल्या. काम दिवसरात्र चाललं, आणि शेवटी मृतांचा आकडा चाळिशीच्या आसपास थांबला. त्यात लहान मुलं पुष्कळ होती.

आमच्या आळीतला एक पोरगा ठेकेदारामार्फत एका पालिकेच्या बंबावर आहे. कुठल्या ते सोडा. तोही मदतीला तिथे होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो ओट्यावर बसलेला दिसला, चहाचा कप हातात तसाच, साय धरलेला. मी शेजारी बसलो. बराच वेळ कोणी बोललं नाही.

“रजा घे दोन दिवस,” मी म्हटलं.

“काका, रजेचे पैसे कापतात.”

“कापू देत.”

त्याने मोबाइल काढून दाखवला. रजेचा अर्जही आता त्यातच. कारण निवडायचं: आजारपण, लग्नकार्य, प्रवास, इतर. “‘इतर’ दाबलं की चौकोन उघडतो,” तो म्हणाला, “त्यात लिहावंच लागतं. काय लिहू?”

मी म्हटलं, “पोटदुखी लिही.”

त्याने लिहिलं. मंजूर झाली का ते मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तो वर्दी घालून निघालेला दिसला.

सिलिंडर मिळाले, हेल्मेट मिळाली, शिड्या लांब झाल्या. लहान मूल बाहेर काढून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी काय म्हणायचं, याचा रकाना मात्र तेव्हा रजेच्या फॉर्मात नव्हता आणि आज मोबाइलमध्येही नाही. समुपदेशन हा शब्द परिपत्रकांत वाचला. तेव्हा निदान वळणदार अक्षरात अर्ज लिहून देणारा कोणी तरी होता.

तेव्हा आज जी मुलं-मुली कुठल्याही पालिकेच्या आस्थापनेत त्या टेबलावर बसतात, त्यांना एक विनंती. अग्निशमनकडून पोटदुखीचा अर्ज आला, तर शेरा मारण्याआधी खालून ऑकरन्स बुक मागवा आणि आदल्या रात्रीचं पान वाचा.