खालची ओळ

आठवीत होते. फिल्म सोसायटीच्या खेळाला बाबांनी मला नेलं ते दुभाषी म्हणून. त्यांना इंग्रजी जेमतेम, माझं शाळेपुरतं. पडद्यावर डी सिकाचा ‘बायसिकल थीव्हज’. बोलणं इटालियन, खाली इंग्रजी ओळी आणि बाबांच्या कानात माझं मराठी. पांढरी अक्षरं उजळ आभाळावर आली की गायब. तिथे मी खुशाल ठोकून द्यायचे. सायकल सोडवायला नायकाची बायको आपल्या चादरी गहाण टाकते. दुकानातला माणूस ते गाठोडं घेऊन फळ्यांवर चढत जातो, आणि वरपर्यंत तसलीच गाठोडी रचलेली. बाबा म्हणाले, “राहू दे गं. कळतंय.”

मला मात्र खालची ओळ सुटली नाही. अर्धा जागतिक सिनेमा मी पडद्याच्या खालच्या चार बोटांत पाहिला. पुण्यात ‘पिफ’ महोत्सवात पुढे कुणी उंच माणूस बसला, की माझा सिनेमा बुडाला.

पहिला दणका दिला विम वेंडर्सच्या ‘परफेक्ट डेज’नं (२०२३). टोकिओतली सार्वजनिक स्वच्छतागृहं धुणारा हिरायामा फारसा बोलतच नाही. छोटा आरसा धरून भांड्याच्या कडेखालची घाण शोधतो, गाडीत कॅसेट लावतो, दुपारी झाडांचे फोटो काढतो. शेवटी नीना सिमोनचं गाणं आणि गाडी चालवणाऱ्या कोजी याकुशोचा नुसता चेहरा. हसतोय आणि रडतोयही. सवयीनं खाली पाहिलं, तर काहीच नाही.

लाटव्हियाच्या ‘फ्लो’त (२०२४) तर अख्ख्या सिनेमात एक शब्द नाही. पुरात सापडलेलं काळं मांजर, होडीत कॅपिबारा. दिग्दर्शक झिल्बालोडिसनं तो ब्लेंडर या फुकटच्या सॉफ्टवेअरवर केला आणि ऑस्कर नेलं. मला शेवटी जरा लांबल्यासारखा वाटला. शेजारी डोळे विस्फारून बसलेल्या भाचीला तसं बोलले नाही.

मग पायल कपाडियाचा ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’. नर्सांचं मल्याळम वाचून काढलं. जर्मनीहून आलेल्या राइस कुकरला त्यातली प्रभा रात्री मिठी मारून बसते, तिथे वाचायला काही नव्हतंच. छाया कदमची पार्वती मराठीत बोलली, तरी माझी नजर खालीच. आता मी बाईंसारखी इंग्रजी तपासत होते: हे सुटलं, ते गुळमुळीत झालं. वर पाहिलं तोवर बिल्डरच्या फलकावर पार्वतीचा पहिला दगड बसलासुद्धा होता.