रुई, सरकी आणि मोटरसायकल

एखाद्या वस्तूला तिच्या नावाने हाक मारणे आपल्याला फार सोपे वाटते. तांब्या तो तांब्या आणि चाक ते चाक! पण परदेशाहून एखादे पुडके मागवून पाहावे. म्हणजे कळते, की नाव ठरवणे हा केवढा कसबाचा उद्योग आहे.

आर्वीला आमच्या काकांकडे, आजोबांनी घेतलेली बी. एस. ए. एम-२० मोटरसायकल आहे. दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमच्या या कंपनीने लष्कराला अशा सुमारे सव्वा लाख गाड्या पुरवल्या. ४९६ सी.सी.चे एकच सिलिंडर. पण आवाज असा, की गाडी पुलगावच्या रस्त्याने गावात शिरली की काकूने चहाचे आधण ठेवावे! काका आता पंच्याऐंशीचे झाले. कान दिवसेंदिवस मंदावताहेत. ते पुरते मिटण्याआधी तो आवाज एकदा ऐकावा, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून इंग्लंडहून मॅग्नेटो-डायनॅमो, कार्बोरेटर, साखळी, बेअरिंग आणि सीट मागवली. पाठवणाऱ्याने कागदावर सरसकट ‘मोटरसायकलचे भाग’ असे लिहिले आणि पुडके वाटेत अडले.

मोटरसायकलच्या भागांसाठी सीमाशुल्काच्या पुस्तकात ८७१४ हा क्रमांक आहे खरा. पण त्या घरात बिचाऱ्या सीटलाच काय तो आसरा मिळाला! कार्बोरेटर हा इंजिनाचा भाग, म्हणून ८४०९. मॅग्नेटो-डायनॅमो विजेच्या प्रकरणात, ८५११. बेअरिंग ८४८२. साखळी तर लोखंड-पोलादाच्या वस्तूंत, ७३१५! वाहनांच्या विभागाला जोडलेल्या टिपाच तसे बजावतात. आणि क्रमांक बदलला की शुल्काचा दरही बदलू शकतो.

बरे, वयाचा काही मान? २०२१च्या नियमांनी पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला रस्त्यावर ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळा नंबर मिळू लागला. सीमाशुल्काचे पुस्तक मात्र अधिक करारी! तिथे पुराणवस्तूंचे घर ९७०६, आणि त्याचे दार शंभर वर्षे उलटल्यावर उघडते. एम-२० निघाली १९३७ साली. म्हणजे तिच्या थोरल्या बहिणींनाही २०३७पर्यंत वाट पाहणे आले. शिवाय जुन्या गाडीसाठी आज घडवलेला भाग हा नवाच. म्हाताऱ्याला नवी कवळी बसवली म्हणून कवळी काही म्हातारी होत नाही.

हा सारा प्रकार मी काकांच्या कानाशी ओरडून सांगितला. मला वाटले, रागावतील. पण त्यांचा जन्म जिनात गेलेला. ते हसून म्हणाले, “अरे, आपण दुसरं काय करत होतो? शेतकरी गाडीभर कापूस आणतो. त्याला तो एकच. जिनातून निघाला की रुई वेगळी, सरकी वेगळी. सरकीचं पुन्हा तेल वेगळं न् ढेप वेगळी. ज्याचा त्याचा भाव!”

खरेच की! मी घरी येऊन पाहिले. त्याच पुस्तकात रुई ५२०१, सरकी १२०७, तेल १५१२ आणि ढेप २३०६. झाड एक, घरे चार!

मग पाच वस्तूंची पाच ओळींत नवी यादी केली, किमती वेगळ्या मांडल्या आणि शुल्क भरले. आठवड्यात पुडके आर्वीला आले. मेकॅनिकने दोन दिवस खपून सारे भाग जागच्या जागी बसवले. तिसऱ्या संध्याकाळी चौथ्या किकला गाडी धडधडली. काकांनी टाकीवर तळहात टेकवला आणि डोळे मिटले. आवाज किती ऐकू आला, हे मी विचारले नाही. काकू मात्र आत गेली आणि तिने आधण ठेवले.